खुर्ची उलटी करून पाहावी

जुनी आरामखुर्ची घ्यायला गेलात की लगेच तिच्यात बसू नका. आधी ती उलटी करा. समोरून कुठलीही खुर्ची नटवता येते. पॉलिशचे दोन हात मारले, बैठकीवर खणाची उशी टाकली की भंगारातला तुकडाही घरंदाज दिसू लागतो. खालची बाजू मात्र सहसा कुणी सजवत नाही. करवतीच्या खुणा, सांध्यातल्या खुंट्या, वेताची बांधलेली टोकं, किडीची भोकं, मागाहून ठोकलेले खिळे, कधीकाळी सुताराने पेन्सिलीने टाकलेला आकडा, हे सगळं तिथे उघडं पडलेलं असतं. हे पुस्तक त्या खालच्या बाजूपासून सुरू होतं.

माझं म्हणणं साधं आहे. जुनी खुर्ची घरात आणायची ती दुरुस्त होते म्हणून. तिचं वय, तिच्यावरची नक्षी, ती कुण्या साहेबाच्या बंगल्यातली आहे ही कथा, याचा विचार नंतर. चांगल्या बांधणीच्या जुन्या खुर्चीत चार गोष्टी असतात: भरीव लाकूड, सरसाने चिकटवलेला सांधा, वेताची वीण आणि लाखेचं पॉलिश. यातल्या शेवटच्या तीन पुन्हा नव्याने करता येतात, आणि त्या करताना लाकडाला धक्का लागत नाही. सरस गरम पाण्याने सुटतो, वेत कापून काढता येतो, लाख स्पिरिटने निघते. भुशाच्या बोर्डाच्या नव्या खुर्चीचं तसं नाही. बोर्डाला एकदा पाणी लागून तो फुगला की पुन्हा बसत नाही, आणि स्क्रूचं भोक मोठं झालं की त्यात काही केल्या स्क्रू धरत नाही. ज्या मुलखात पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तिथे हा फरक दोन-तीन वर्षांतच डोळ्यांसमोर येतो.

पुस्तक शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत फिरून लिहिलं आहे. मुंबईत चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर किंवा जोगेश्वरीजवळच्या ओशिवऱ्यात जुन्या खुर्च्यांच्या राशी लागलेल्या असताना हा आडवळणाचा रस्ता का धरला, असं कुणीही विचारेल. कारण असं की या दोन तालुक्यांत खुर्चीचा सगळा प्रवास एका नजरेत येतो. सागाचं जंगल इथे आहे. कौलारू घरं इथे आहेत आणि ती भराभर उतरवली जात आहेत. स्लॅबचं घर बांधायचं तर जुनं घर पाडावं लागतं. त्याचे खांब, तुळया, दारं वखारवाला घेऊन जातो आणि माडीवर पडलेली मोडकी आरामखुर्ची त्याच टेम्पोत फुकटात चढते. दुसरीकडे मुंबई-ठाण्याची माणसं आसनगाव, किन्हवली, सरळगाव, टोकावडे या भागांत सुट्टीची घरं बांधत आहेत. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025मध्ये खुला झाला आणि शहापूरचं अंतर आणखी कमी झालं. या नव्या घरांच्या पडवीत ठेवायला जुनी खुर्ची हवी असते. ती शहरातल्या शोरूममधून भरमसाट किमतीला येते, आणि शेजारच्या गावातली तशीच खुर्ची त्याच आठवड्यात जळणात जाते. एक घर विकतं, दुसरं विकत घेतं, आणि दोघांनाही ती वस्तू काय आहे याची नीट कल्पना नसते. ही प्रस्तावना दोघांसाठी आहे.

लाकडाची गोष्ट आधी. माहुलीच्या पायथ्यापासून तानसा अभयारण्यापर्यंत आणि तिकडे माळशेज, सिद्धगडाच्या खालच्या पट्ट्यात साग, ऐन, खैर, हेद, कळंब ही झाडं आहेत. 1882 साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरने इथल्या जंगलाची आणि लाकडाच्या व्यापाराची पानंच्या पानं दखल घेतली आहे. या झाडांतून खुर्चीसाठी सागाची निवड झाली ती काही दिखाऊपणासाठी नाही. सागाच्या गाभ्यात तेल असतं, त्यामुळे वाळवी त्याच्या वाटेला लवकर जात नाही. हवा दमट झाली की सगळंच लाकूड आडव्या अंगाने फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं, पण सागाची ही हालचाल थोडी असते, म्हणून सांधे टिकतात. तो किती टिकतो हे पाहायचं तर कार्ल्याला जावं. तिथल्या चैत्यगृहाच्या छताला लावलेल्या सागाच्या कमानी सुमारे दोन हजार वर्षांच्या आहेत आणि अजून जागेवर आहेत. शिसव याहून जड आणि काळपट. सागाचं घनमीटरला साधारण साडेसहाशे किलो वजन भरतं, तर शिसवाचं आठशेच्या वर. खुर्ची उचलून पाहिली की अंगाच्या मानाने ती जड आहे की हलकी हे हाताला कळतं, आणि गडद रंग मारून शिसव म्हणून पुढे केलेलं लाकूड बहुधा तिथेच उघडं पडतं.

आरामखुर्ची आपल्याकडची नव्हे. आपली बसण्याची रीत पाटावर, चौरंगावर, लोड-तक्क्यांच्या बैठकीवर, बाजेवर आणि झोपाळ्यावर. उत्तर कोकणात 1534 ते 1739 वसईला पोर्तुगीज होते. त्यांच्या चर्चमध्ये आणि वाड्यांत खुर्च्या होत्या. पण गावातल्या ओटीवर खुर्ची आली ती इंग्रजी अमलात, आणि इथे तिची वाट रेल्वेने सोपी केली. 1853 साली बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत गाडी सुरू झाली. 1855मध्ये ती वाशिंदला पोहोचली, 1861मध्ये कसाऱ्याला, आणि 1865मध्ये थळघाट चढून इगतपुरीला. गाडीबरोबर स्टेशनं आली, साहेबांचे बंगले आले, प्रतीक्षालयं आली. 1892 साली मुंबईच्या पाण्यासाठी तानसा धरण पुरं झालं. बांधकामाच्या काळात इंजिनियरांचा राबता इथे होता. जंगलखात्याची विश्रामगृहं होती, मामलेदार कचेऱ्या होत्या. या सगळ्या ठिकाणी व्हरांड्यात एक खुर्ची हमखास दिसे. पाठ मागे कललेली, बैठक आणि पाठ मिळून वेताची एकच लांब वीण, आणि हात इतके लांब की त्यांच्यावर पाय पसरून टाकता यावेत. काहींच्या हातांखाली आणखी एक फळी असते. ती खुंटीवर फिरते आणि बाहेर काढली की हात गुडघ्यांच्याही पुढे जातो. मळेवाल्या इंग्रजांची म्हणून ती जगभर ओळखली गेली. आपण तिला नुसती आरामखुर्ची म्हणतो.

इथल्या घरांत मिळणाऱ्या अशा खुर्च्या नीट पाहिल्या की त्या दोन जातींत पडतात. एक शहरात कारखान्यात बनलेली. तिची दोन्ही अंगं सारखी, हाताची जाडी बेताची, वेताची भोकं एका अंतरावर. दुसरी गावच्या सुताराने केलेली. तिचे हात जरा जास्तच जाड, मागचे पाय पुढच्यांपेक्षा भक्कम, आणि सांध्यात लोखंडाचा पत्ता नाही, सगळ्या लाकडाच्याच खुंट्या. माझा कल उघडपणे या दुसऱ्या जातीकडे आहे. ती दिसायला बेंगरूळ असेल, पण बैलगाडीचं जू आणि नांगराचा दांडा करणाऱ्या हाताने ती केली आहे. जोर कुठे येणार हे त्या हाताला पक्कं ठाऊक होतं. शोरूमवाल्यांना ती नको असते, त्यामुळे ती अजून माणसाच्या खिशाला परवडते.

बाकीच्या प्रकारांबद्दल इथे थोडक्यातच सांगते, पुढे प्रत्येकाला स्वतंत्र प्रकरण आहे. मुंबईत एकोणिसाव्या शतकात शिसवाचं कोरीव फर्निचर होत असे. त्यातली खुर्ची दिवाणखान्यात उठून दिसते, पण तिच्या पाठीवरची वेलबुट्टी पाठीला टोचते, त्यामुळे रोज बसायला ती माझ्या मते कुचकामी. वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या इराण्याच्या हॉटेलांमुळे सगळ्यांना माहीत आहेत. व्हिएन्नाच्या थोनेटने 1859 साली काढलेली 14 नंबरची खुर्ची सहा लाकडी भाग आणि दहा स्क्रूंवर उभी होती, आणि घनमीटरभर खोक्यात अशा 36 खुर्च्या सुट्या करून मावत. तिची हात असलेली बहीण मिळाली तर जरूर घ्यावी. 1930च्या दशकातल्या मुंबईतल्या गोलाकार हातांच्या, गादीच्या खुर्च्या दिसायला देखण्या असतात, पण त्यांच्यावर पातळ लाकडी पापुद्रा चिकटवलेला असतो. शहापूरच्या पावसाळ्यात तो सुटायला लागतो. कल्याणच्या फ्लॅटमध्ये ठीक, मुरबाडच्या पडवीत नको. आणि एक रुडकीची खुर्ची. लष्करी इंजिनियरांच्या ठाण्यावरून तिला हे नाव पडलं. चार पाय, आडव्या दांड्या, किंतान किंवा चामडं, आणि हत्यार न लावता सगळी सुटी होणारी. डेन्मार्कच्या कारे क्लिंटने 1933 साली केलेली प्रसिद्ध सफारी खुर्ची हिच्यावरूनच घेतलेली आहे. तंबूत मुक्काम करणाऱ्या अंमलदारांची ही खुर्ची गावच्या माळ्यावर सापडते तेव्हा बहुतेकदा दांड्यांची मोळी म्हणूनच सापडते. ती मोळी टाकू नका.

आता पारख. मुरबाड तालुक्यातल्या एका घरी घर उतरवायचं काम चाललं होतं. माडीवरून खाली आणलेली लांब हातांची खुर्ची अंगणात ठेवली होती. माझ्याबरोबर एक वयस्कर मिस्त्री होते. त्यांनी खुर्चीकडे पाहिलंसुद्धा नाही, आधी ती पोत्यावर पालथी घातली आणि म्हणाले, "ताई, इथे बसा माझ्या शेजारी." मग एकेक दाखवायला लागले. बैठकीच्या आडव्या पट्टीच्या आतल्या अंगाला करवतीच्या खुणा होत्या, सरळ पण एकमेकींशी किंचित तिरक्या. म्हणजे लाकूड हाताने कापलेलं. गोल पात्याची करवत धनुष्यासारखे वळलेले ओरखडे सोडते. पुढचा सांधा त्यांनी नखाने चाचपला. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत जाऊन वरून दोन खुंट्या मारलेल्या. खुंट्यांची डोकी पूर्ण गोल नव्हती, चाकूने तासलेली, आणि लाकडापेक्षा केसभर वर आलेली. ते म्हणाले, आजूबाजूचं लाकूड आकसलं, खुंटी आकसली नाही, म्हणून ती वर दिसते. नव्या कामात हे मिळत नाही. मग मागच्या डाव्या पायाच्या टोकाला त्यांनी टोकदार पटाशी हलकेच टेकवली. ती अर्धा इंच आत गेली. पाय जमिनीला लागतो तिथे लाकडाचे रेषे उघडे असतात आणि ओल तिथूनच चढते. सारवलेल्या जमिनीवर वर्षानुवर्षं उभी राहिलेली खुर्ची पायाच्या टोकाला कुजते, वर कितीही ठणठणीत असली तरी. "पायाला जोड द्यायचा," ते म्हणाले, "पण सरळ कापून नाही. चांगला लांब तिरका." तिरक्या जोडात चिकटायला जागा जास्त मिळते आणि वजन एका रेषेवर येत नाही. असा नीट जोडलेला पाय ही खुर्चीची खोट नव्हे. कुणीतरी तिची काळजी घेतली होती एवढंच त्यावरून समजावं.

किडीबद्दल लोक उगाच घाबरतात. भोकं असणं वेगळं आणि कीड असणं वेगळं. बारीक भुंगा सागाच्या कडेचं पांढरं लाकूड खातो, गाभ्याला सहसा हात लावत नाही. खुर्ची काळ्या कागदावर ठेवून चार-आठ दिवसांनी पाहावं. खाली पिठासारखा ताजा भुसा पडला असेल तर कीड जिवंत आहे आणि उपाय करेपर्यंत ती खुर्ची घरातल्या दुसऱ्या लाकडाजवळ नेऊ नये. भुसा नसेल तर ती जुनी भोकं आहेत, मेणाने भरून टाकावीत.

कालमापनाच्या काही खुणा अगदी साध्या आहेत. फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला तर तो 1936 नंतरचा असणार, कारण अमेरिकेत फिलिप्सने त्याची पेटंटं घेतली तीच त्या साली. आपल्या गावांत तो पोहोचायला त्याहून बराच काळ गेला. सांध्यातून पांढरट पिवळसर डिंकाचे कडक ओघळ आलेले असतील तर कुणीतरी फेव्हिकॉल वापरला आहे, आणि फेव्हिकॉल 1959 सालचा. त्याने खुर्ची नवी ठरत नाही, पण तो सांधा त्यानंतर उघडला होता आणि आता पुन्हा उघडताना लाकूड फाटू शकतं, हे किंमत ठरवताना ध्यानात ठेवावं. पॉलिशची परीक्षा हाताखालच्या न दिसणाऱ्या जागी करावी. कापसाच्या बोळ्याने स्पिरिटचा थेंब लावला आणि जागा चिकट झाली तर लाख आहे. काहीच झालं नाही तर वर मेलामाइन किंवा पीयूचा थर आहे, आणि तो काढायचा म्हणजे लाकूड घासणं आलं. घासलेल्या लाकडाचा वरचा मुरलेला रंग जातो. तो परत येत नाही. म्हणून जुनी खुर्ची घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात काचकागद घेऊन बसणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की आधी कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने तिची धूळ काढा, सुकू द्या, आणि महिनाभर तशीच वापरा.

वेताच्या विणीवर मला जरा थांबायचं आहे. चौकटीला साधारण अर्ध्या अर्ध्या इंचावर भोकं पाडलेली असतात आणि वीण सहा फेऱ्यांत पुरी होते. आधी उभे धागे, त्यावर आडवे, पुन्हा उभे, मग आडवे पण या वेळी खालीवर गुंफत, आणि शेवटी दोन तिरक्या फेऱ्या. त्यातून आठ कोनांचं जाळं उभं राहतं. सगळी कसोटी शेवटच्या दोन तिरक्या फेऱ्यांत आहे. तिरका वेत योग्य बाजूने गेला तर तो उभ्या-आडव्या वेतांच्या कोपऱ्यात अलगद सरकतो. चुकीच्या बाजूने गेला तर तो अडतो, माणूस बसता-उठता घासत राहतो आणि वर्ष-दोन वर्षांत तुटतो. बोटाने तिरका धागा हलवून पाहिला की हे लगेच कळतं. हे काम पुष्कळ वर्षं दृष्टिहीन कारागिरांनी केलं आहे. त्यांच्या शाळांत खुर्ची विणायचं शिक्षण दिलं जाई आणि सरकारी कचेऱ्यांतही खुर्ची विणणाऱ्याच्या जागा त्यांना मिळत. असा कारागीर विणताना पाहिला की समजतं, त्याचं डावं बोट पुढचं भोक आधीच शोधून ठेवतं आणि उजवा हात वेत खेचतो. ताण किती द्यायचा हे तो वेताच्या आवाजावरून ठरवतो. बैठक नुसती सैल पडली असेल, तुटली नसेल, तर विणायची गरज नाही. खुर्ची पालथी घालून खालून ओलं फडकं वेतावर अर्धा तास ठेवावं आणि सावलीत वाळू द्यावं. वेत आकसून पुन्हा ताणला जातो. प्लास्टिकच्या वेताला हा उपाय चालत नाही. प्लास्टिक सगळीकडे सारखं गुळगुळीत असतं, खऱ्या वेतावर मधूनमधून पेराची पुसट रेघ दिसते. प्लास्टिकला मी सरसकट नाव ठेवणार नाही, उघड्या पडवीत ते टिकतं. पण उन्हाळ्याच्या दुपारी त्यावर पाठ टेकली की घामाने चिकटते, आणि आरामखुर्ची तर त्या दुपारसाठीच असते.

खुर्ची कोणासाठी घेता आहात हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, आणि दुकानात तो कुणी विचारत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी असेल तर लांब हातांची कललेली आरामखुर्ची घेऊ नका. तिची बैठक खाली असते, मागे उतरती असते, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी तिच्यातून उठणं म्हणजे शिक्षा. बसणाऱ्याच्या गुडघ्यामागची उंची जमिनीपासून मोजावी आणि बैठक तेवढीच असलेली, फार तर इंचभर कमी असलेली खुर्ची पाहावी. आपल्याकडच्या कित्येक बायकांना 18 इंचांची बैठक उंच पडते, पाय लोंबकळतात आणि मांडीखाली कड रुतते. 16 इंचांच्या आसपास शोधा. हाताची टोकं बैठकीच्या पुढे आलेली असावीत, म्हणजे तळहात टेकून उठता येतं. त्या माणसालाच बरोबर न्या, तीनदा बसवा, तीनदा उठू द्या, कुणी हात देऊ नका. वाचणाऱ्यासाठी खुर्ची हवी असेल तर हात रुंद पाहिजेत. आणि जी बाई किंवा गडी रोज त्या खोलीचा केर काढणार आहे, त्यांना ती एका हाताने सरकवता येते का हेही पाहा. नाहीतर महिन्याभरात ती कोपऱ्यात जाते आणि तिच्यावर कपड्यांचा ढीग बसतो.

बाजारात फसवणुकीचा एक ठराविक प्रकार आहे. पाडलेल्या घराच्या तुळईचं लाकूड घेऊन नवी खुर्ची करतात आणि शंभर वर्षांची म्हणून विकतात. लाकूड शंभर वर्षांचं असतं हे खरं, खुर्ची मात्र मागच्या दिवाळीतली. अशा खुर्चीत भलत्याच जागी बुजवलेली खिळ्यांची भोकं किंवा अर्धवट कापलेली खाच सापडते. ती खुर्ची वाईट नसते. मुरलेला साग असल्याने ती चांगलीच टिकते. फक्त तिचे पैसे नव्या खुर्चीचे द्यावेत. जी.आय.पी. रेल्वेचा शिक्का असलेल्या खुर्च्यांना विशेष मागणी असते. 1951 साली तिची मध्य रेल्वे झाली, त्याआधीची ही खूण. पण शिक्का मारायला फारशी अक्कल लागत नाही. शिक्क्याच्या खाचेत मळ आणि पॉलिश मुरलेलं आहे की तळाशी लाकूड उजळ दिसतं, हे भिंग घेऊन बघावं.

कायद्याचं एक कलम ठाऊक असावं. 1972च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं पुरी झालेली वस्तू पुरावस्तूच्या व्याख्येत येऊ शकते आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. मुलगा अमेरिकेत आहे, आजोबांची खुर्ची त्याला पाठवू, असा बेत असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा. खुर्ची शिसवाची असेल तर आणखी एक अडसर आहे. 2017पासून शिसवाच्या सगळ्या कुळावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आहेत.

या खुर्च्यांच्या इतिहासात एक गोष्ट आहे जी विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. ओटीवरच्या आरामखुर्चीत सावकार किंवा जमीनदार बसे. कूळ अंगणात उभं राही, किंवा पायरीखाली उकिडवं बसे. ठाणे जिल्ह्यात वेठ होती, खंड होता, कर्जाच्या बदल्यात राबणं होतं. 7 जानेवारी 1945 रोजी टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली, तिथे उंबरगावकडचे वारली आले, आणि त्यानंतर उंबरगाव-डहाणूला वेठीविरुद्ध जो लढा उभा राहिला त्याची हकीकत गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवली आहे. टिटवाळा म्हणजे वाशिंदच्या दोन स्टेशनं अलीकडे. पुढे 1 एप्रिल 1957 हा कूळकायद्याचा दिवस आला आणि कसणारा जमिनीचा मालक झाला. जुन्या आरामखुर्चीच्या हातावर जी झिजून आलेली तुकतुकी आपण कौतुकाने पाहतो, ती कुणाच्या तळहाताने आली हे विसरून ती घरात आणू नये असं मला मनापासून वाटतं. म्हणून ती जाळून टाकावी असं मात्र अजिबात नाही. ती करणारा सुतार होता, लाकूड तोडून आणणारा ठाकूर किंवा कातकरी होता, आणि त्यांच्या कामाचं यापेक्षा टिकाऊ असं फारसं काही उरलेलं नाही. शहापूर तालुक्यात मी एका शेतकऱ्याच्या ओटीवर अशी खुर्ची पाहिली. पूर्वी ज्यांची कुळं होतो त्यांच्याच घरच्या विक्रीत ती घेतली, असं त्याने सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाला, "आईला टेकायला रुंद हात पायजे होते." त्याने तिचे मागचे पाय थोडे उंच करून घेतले होते, म्हणजे बैठक आईच्या गुडघ्यांना बरोबर यावी.

आता सरकारी खुर्च्यांबद्दल. चंदीगड वसवताना 1950च्या दशकात पियेर जान्रे यांच्या आराखड्याबरहुकूम कचेऱ्यांसाठी सागाच्या आणि वेताच्या खुर्च्या झाल्या. पुढे त्या जुन्या झाल्या म्हणून गच्चीवर पडल्या, भंगारात निघाल्या, आणि मग परदेशातल्या लिलावांत लाखांनी विकल्या गेल्या. 2011मध्ये केंद्राच्या गृहखात्याने त्यांच्या विक्रीला आळा घातला, तोवर पुष्कळ माल गेला होता. शहापूर-मुरबाडच्या कचेऱ्यांत, जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळांत, विश्रामगृहांत लाखांच्या खुर्च्या आहेत असा माझा दावा नाही. पण मुख्याध्यापकांच्या खोलीत मोडक्या हाताची एक सागाची खुर्ची बहुतेक ठिकाणी असते, आणि निर्लेखनाच्या, म्हणजे मोडीत काढायच्या वस्तूंच्या, यादीत ती तुटक्या पत्र्यांच्या आणि प्लास्टिकच्या बादल्यांच्या शेजारी 'लाकडी खुर्ची, नादुरुस्त' म्हणून बसते. जडवस्तू नोंदवहीत तिच्या खरेदीचं वर्ष असतं. शहरातल्या कुठल्याही व्यापाऱ्याकडे मिळणार नाही इतका पक्का पुरावा तो असतो. निर्लेखनावर सही करण्याआधी शिक्षकांनी ते पान उघडून पाहावं आणि गावातल्या सुताराला एकदा बोलवावं.

गावातला सुतार हा या सगळ्यातला सगळ्यांत नाजूक दुवा आहे. सांधा उघडून सरसाने बसवणारे हात आता कित्येक गावांत मिळून दोन-चारच सापडतील अशी वेळ आली आहे, कारण तरुण मिस्त्री प्लायवूड आणि सनमायक्याच्या कामाला लागले. त्यांना दोष देता येत नाही, मजुरी तिथे आहे. पण जुनी खुर्ची घेणाऱ्याने तिच्या किमतीइतकेच पैसे दुरुस्तीसाठी बाजूला ठेवले, आणि ते शहरात न देता तालुक्यातच दिले, तर एखादा पोरगा म्हाताऱ्या मिस्त्रीजवळ बसून हे शिकेल. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातल्या म्हशाच्या जत्रेत बैल आणि घोंगड्या घ्यायला लांबलांबून माणसं येतात. वेत विणणारा आणि सांधे बसवणारा कारागीर तिथे पाल टाकून बसला तर त्याला काम मिळेल याबद्दल मला शंका नाही.

शेवटच्या प्रकरणात नोंदीचा एक नमुना दिला आहे. तो भरून, प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत घालून बैठकीच्या चौकटीला आतून बांधून ठेवावा. त्यात गावाचं नाव, खुर्ची कोणत्या घरातून आली, ती कोण वापरत होतं, लाकूड कुठलं, बैठकीची उंची किती, वेत शेवटचा कधी विणला आणि कोणता पाय जोडलेला आहे एवढं लिहायचं. दुरुस्ती करणाऱ्याचं पूर्ण नाव आणि तारीख लिहायलाही जागा ठेवली आहे. एकच नव्हे, आठ ओळी. दर पंधरा-वीस वर्षांनी वेत नवा करावा लागतो.